पडद्यावरचा मुसलमान आणि आमच्या पेठेतला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रपटांतील खलनायकांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. दहशतवादी म्हटला की तो मुसलमानच का, हा लेखकाचा प्रश्न रास्त आहे. पण त्यावर ‘एखादा चांगला मुसलमानही दाखवा’ हा उतारा पुरेसा आहे, असे मला वाटत नाही. तो आपण केव्हाच करून पाहिला आहे. १९७३च्या ‘जंजीर’मधला शेरखान यारीसाठी जीव ओवाळून टाकतो, प्राण यांनी तो झोकात रंगवलाही, मात्र त्याची ओळख त्या यारीपुरतीच राहते.

परदेशी चित्रपटांत तर मुसलमान दिसतच नाही. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील २०१७ ते २०१९ या काळातल्या २०० लोकप्रिय चित्रपटांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या १८१ चित्रपटांत संवाद असलेले एकही मुस्लीम पात्र आढळले नाही.

मला पटलेली दोन्ही उदाहरणे कर्नाटकातल्या दिग्दर्शकांची आहेत, हे आम्हा सीमाभागातल्या मराठी लोकांना कबूल करायला थोडे जड जाईल. म्हैसूरच्या एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’मधला सलीम मिर्झा हा आग्र्याचा जोड्यांचा कारखानदार, फाळणीनंतर त्याला कर्ज मिळेनासे होते, राहते घर सुटते. गिरीश कासरवळ्ळी यांनी बानू मुश्ताक यांच्या कथेवरून २००४ साली केलेल्या ‘हसीना’त मुलीच झाल्या म्हणून नवऱ्याने टाकलेली बाई मशिदीच्या मुतवल्लीकडे, म्हणजे विश्वस्ताकडे, दाद मागते. छळणारा मुसलमान, दाद मागणारी मुसलमान आणि न्याय टाळणाराही मुसलमान. त्यामुळे प्रेक्षकाला धर्मावर बोट ठेवून मोकळे होता येत नाही, माणसेच पाहावी लागतात.

एकाच चौकटीत बसवले जाणे म्हणजे काय, हे आम्हाला तरी समजावे. बाहेरच्या वर्तमानपत्रांत बेळगावचा मराठी माणूस दिसतो तो सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ निघणाऱ्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत. उरलेले वर्षभर तो शेती करतो, हप्ते फेडतो, हे कुणाच्या गावीही नसते.

आमच्या निपाणीच्या बाजारात घरी दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणारे बागवान आणि अत्तार आहेत. त्यांच्यातला एखादा मराठी चित्रपटात मी अद्याप पाहिलेला नाही. जो दिसतो, तो ‘जनाब’ म्हणतच आत येतो.

आपला,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)