काळी ट्रंक

लालबाग, मुंबई

प्रिय विश्वास,
सप्रेम नमस्कार.

आधी बातमी सांगतो. कुंदाच्या नातीचं, आपल्या सईचं, सातारा सैनिक स्कूलच्या सहावीच्या यादीत नाव लागलं. काल रात्री कुंदा तीन जिने चढून सांगायला आली. गुडघे दुखत असताना कशाला आलीस, फोन करायचास की, म्हटलं. तर म्हणाली, "दादा, हे फोनवर सांगायचं नव्हतं."

रात्री झोप लागली नाही. १९७६ साल आठवत राहिलं. बाबा रात्रपाळी करून खोलीत झोपलेले असायचे, म्हणून मी प्रवेश परीक्षेची गणितं गॅलरीत बसून सोडवायचो. शेजारी कुंदा, माझ्याहून एका इयत्तेनं मागे. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? मी पेन्सिल चावत बसायचो आणि ती बोटांवर मोजून उत्तर सांगायची. परीक्षेला मात्र मी एकटाच बसलो. मुलींना तिथे प्रवेशच नव्हता, आणि त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. ते आता फार लागतं रे.

सई विचारत होती, "आजोबा, ही शाळा साताऱ्यातच का काढली?" मी तिला अपशिंग्यापासून सांगायला सुरुवात केली. अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जवान एकट्या पहिल्या महायुद्धात कामी आले. आपल्या जिल्ह्यानं फौजेला माणसं कधी कमी पडू दिली नाहीत. पण ती बहुतेक शिपाई आणि हवालदार. ऑफिसर व्हायचं तर चांगली इंग्रजी शाळा हवी आणि तिची फी भरणारा बाप हवा. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना सैनिक शाळांची योजना निघाली ती यासाठीच. ऑफिसर ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक घरांतूनच येत होते, ते बदलायचं होतं. जागा, इमारती, शिष्यवृत्त्या राज्यानं द्यायच्या. प्राचार्य आणि हाताखालचे अधिकारी फौजेनं पाठवायचे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ पासून होतीच, तिच्या दारापर्यंत साध्या घरातली पोरं नेऊन सोडायची.

त्यातली देशातली पहिली शाळा २३ जून १९६१ ला साताऱ्यात सुरू झाली. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम तेरा महिन्यांचं. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, आपल्या कऱ्हाडचे. पुढच्याच वर्षी चीनच्या युद्धात मेनन पायउतार झाले आणि त्या खात्यावर यशवंतरावच गेले. कल्पना ज्यांच्या काळातली ते आणि जिल्हा ज्यांचा ते, असे एकामागोमाग एक संरक्षणमंत्री झाले. सईला यात फार रस वाटला नाही, पण मला ते विलक्षण वाटतं.

बाबांच्या गिरणीच्या पगारात ती फी बसलीच नसती. साचेखात्यातल्या कामगाराच्या पोराला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मी तुझ्यासमोर मेसमध्ये येऊन बसलो. काटा कुठल्या हातात धरायचा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तू डाव्या हातात धरलास, मी तुझं बघून धरला. बाबा रात्रीच्या एसटीनं यायचे, मैदानाच्या कडेला उभे राहून परेड बघायचे. आपले बूट आपटले की त्यांची मान त्याच तालात हलायची. घरी गेले की कुंदाला सगळं सांगायचे. मेसमध्ये जेवायला काय होतं इथपर्यंत.

पुढे तू खडकवासल्याला गेलास, मी डोळ्यांच्या तपासणीत मागे राहिलो नि बँकेत लागलो. ते दुःख केव्हाच निवलं. आपल्या शाळेचे पी. व्ही. नाईक २००९ मध्ये हवाई दलप्रमुख झाले, तेव्हा मी शाखेत पेढे वाटले होते. आणि २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात आपल्याच शाळेचे कर्नल संतोष महाडिक अतिरेक्यांशी लढताना गेले, तेव्हा फोनवर आपण दोघंही गप्प होतो. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या लष्करी अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. कुंदा टीव्हीसमोर हातात ताट घेऊन उभीच राहिली, आमटी निवून गेली.

सगळ्या सैनिक शाळा मुलींना खुल्या झाल्या त्या २०२१-२२ पासून, म्हणजे साठ वर्षांनी. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, तो फोटो सईनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

माझी काळी पत्र्याची ट्रंक आठवते? ती कुंदाकडे आहे, ती त्यात गोधड्या ठेवते. आज तिनं रिकामी करून उन्हात ठेवली. पांढऱ्या रंगातला माझा नंबर अजून वाचता येतो, फक्त सातची शेपूट उडालीय. मी म्हटलं, खरवडून नवा रंग मारून घेऊ. "नको," म्हणाली, "तुझ्या नंबराखाली जागा आहे."

तर आता कामाचं. स्थानिक पालक म्हणून फॉर्मवर तुझं नाव लिहितोय, तुला न विचारता. तू साताऱ्यातच आहेस म्हटल्यावर दुसरं कुणाचं लिहू? भेटीच्या रविवारी तिला बघून येत जा. आणि सोडायला येऊ तेव्हा कुंदाला सगळी शाळा फिरवून दाखव. मेस, मैदान, आपली डॉर्मिटरी, जिथे सोडतील तिथे. ती आजवर कधी फाटकाच्या आत गेलेली नाही. बाबांना एसटीचं एकच तिकीट परवडायचं.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मधू