शेतकरी मंत्र्याचा अहवाल अडगळीत

महोदय,

जर्मनीचे योखेन बोर्खर्ट हे मूळचे शेतकरी. १९९३ ते १९९८ ते चॅन्सेलर (सरकारप्रमुख) हेल्मुट कोल यांच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री होते. मला मात्र त्यांची मोठी कामगिरी त्यानंतरची वाटते. २०२० मध्ये बोर्खर्ट यांच्या अध्यक्षतेखालील, पशुपालनाविषयीच्या सरकारी तज्ज्ञ आयोगाने सांगितले की जनावरांना ऐसपैस, हवेशीर गोठे हवेत. पण त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकू नका, मांसावर किलोमागे ४० सेंट अधिभार लावा. किती रास्त मागणी! तरीही पुरेशा, कायमस्वरूपी निधीची सोय झाली नाही आणि २०२३ मध्ये आयोगानेच काम थांबवले. ऐंशी ओलांडलेल्या जाणकाराचे श्रम असे वाया जावेत, याचे वाईट वाटते. गोठ्यासाठी कर्ज शेतकरी काढतो. सरकार बदलले तर ते फेडायचे कुणी?

– एक वाचक