आत्या, तू यायचंच आहेस

एडिसन, न्यू जर्सी
५ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आईचा फोन आला. तू जळगावहून इंदूरला येणार, आईची बॅग भरून देणार, पण पुढे माझ्या बाळंतपणाला अमेरिकेला येणार नाहीस म्हणे. का, तर "विमानतळावर परक्या बायका अंगाला हात लावतात. या वयात ते नको." फोनवर हे नीट बोलता आलं नसतं. शेजारी बाबा बसलेले असतात. म्हणून लिहायला घेतलं.

तुझ्या मनात बाबांची गोष्ट बसली आहे, हे मला ठाऊक आहे. ती तुझ्यापर्यंत तीन तोंडांतून आली. आधी घडली तशी सांगते.

ऑगस्टात मी बाबांना घेऊन रामबागेतल्या घरातून निघाले तेव्हा पंधरा ऑगस्ट चार दिवसांवर होता. इंदूरच्या अहिल्याबाई होळकर विमानतळावर नेहमीची तपासणी झाली, आणि विमानात चढण्याआधी, अगदी शिडीपाशी, परत एकदा झाली. तिला 'लॅडर पॉइंट'ची तपासणी म्हणतात. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी जवळ आली किंवा धोक्याचा इशारा असला की ती करतात. गेल्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर तर देशातल्या सगळ्या विमानतळांवर ती सक्तीची केली होती. त्या दिवशी कोणाच्या कपाळावर आठी दिसली नाही. सगळेच हात पसरून उभे राहत होते, बाबाही आणि त्यांच्या पुढचा कडक खादीतला गृहस्थही. बायकांना पडद्याआड नेत होते, तिथे तपासणारी बाईच होती. माझं पोट पाहून तिने "आराम से, दीदी" म्हटलं.

दिल्लीला मात्र वेगळं झालं. बाबांच्या बोर्डिंग पासवर कोपऱ्यात इंग्रजी 'एस' हे अक्षर चार वेळा छापलेलं होतं. जादा तपासणीसाठी निवड झाली, असा त्याचा अर्थ. मला तो माहीत होता, पण मी बाबांना सांगितला नाही. उगाच घाबरतील असं वाटलं. ती चूक माझी, आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. गेटवर सगळे पुढे सरकत होते, तेवढ्यात एका माणसाने बाबांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला घेतलं. ना नमस्कार, ना कारण. बूट काढायला लावले, पट्टा काढायला लावला, आईने बांधून दिलेली दशम्यांची पुरचुंडी उलगडली. मग कापडाचा एक तुकडा त्यांच्या तळहातांवर फिरवून यंत्रात घातला आणि यंत्र वाजलं.

आत्या, त्या तुकड्यावर स्फोटकांचे कण शोधतात. खतातले नायट्रेट, काही क्रीममधलं ग्लिसरीन, हृदयविकाराच्या काही गोळ्या, एवढ्यानंही ते यंत्र वाजू शकतं. बाबांनी निघायच्या सकाळी गच्चीवरच्या कुंड्यांना खत घातलं होतं. बहुधा तेच असणार. पण त्या क्षणी हे कोण सांगणार? पुन्हा अंगझडती, पुन्हा तुकडा, पुन्हा यंत्र. वीस मिनिटांनी "जा" म्हणाले. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, सगळ्या गेटसमोर मोज्यांवर उभा होता. विमानात चौदा-पंधरा तास त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, जणू ते आपले नव्हेतच.

बाजूला काढलेल्या आम्हा सहा-सात जणांत तिथेच बोलणं सुरू झालं. एक वयस्क सरदारजी म्हणाले, दहा वेळा बघा, पण सुखरूप पोचवा. हैदराबादचा एक विद्यार्थी घुसमटून म्हणाला, "ही माझी तिसरी वेळ आहे. निवड योगायोगाने होते म्हणतात, पण योगायोगाला माझंच नाव कसं सापडतं?" एक जर्मन बाई मात्र कशाचंच वाईट वाटून घेत नव्हती. कोणाला काढतील ते आधी कळलं तर वाईट माणूस त्यातून वाट काढेल, असं तिचं म्हणणं. ते मला पटतं. पण त्या मुलाच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तशी निवड असेल तर माझी ना नाही. चिठ्ठीच्या नावाखाली नाव, दाढी किंवा पासपोर्ट बघून माणूस उचलत असतील, तर ती चिठ्ठी नव्हे. इंदूरच्या शिडीपाशी आम्ही सगळे एका रांगेत होतो म्हणून कोणाचा अपमान झाला नाही. दिल्लीत बाबा एकटे पडले.

तरीही तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. बॉम्ब एका बॅगेत होता, आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. आज प्रवासी आला नाही तर त्याची बॅग खाली उतरवतात, आणि आपण विमानात बसून घड्याळ बघत राहतो. ती खोळंबण्याची मिनिटं त्या माणसांच्या जिवावर मिळालेली आहेत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आपलं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं, त्यानंतर २००० पासून आपल्या विमानतळांवर सीआयएसएफ हे केंद्राचं सुरक्षा दल येऊ लागलं.

आणि नुसती निवड करून भागत नाही, हेही खरं. ११ सप्टेंबर २००१ च्या १९ अपहरणकर्त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्या सकाळी निवडपद्धतीने बाजूला काढलं होतं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते विमानात चढेपर्यंत फक्त त्यांच्या मोठ्या बॅगा थांबवल्या. निवड झाली म्हणून अंगाची, हातातल्या सामानाची जादा झडती घ्यायची, असा नियमच नव्हता. म्हणून बाबांचे हात पुसले याचा मला राग नाही. दंडाला न सांगता धरलं, याचा आहे. "आजोबा, तुमची तपासणी करायची आहे, बसा, बूट काढायला मदत करू का?" एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

अब्दुल कलामांना २००९ मध्ये दिल्लीतच, अमेरिकेच्या विमानात चढण्याआधी असंच तपासलं होतं. माजी राष्ट्रपतींना आपल्याकडे यातून सूट असूनही. त्यांनी तक्रार केली नाही. तीन महिन्यांनी संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. हे मी बाबांना सांगितलं, तेव्हा ते इतकंच म्हणाले, "ते मोठे होते." आत्या, लहान माणसाचा मान काही कमी असतो का? तो कोणी मागायला जात नाही, एवढंच.

आता तुझं. तुला हात लावेल ती बाईच असेल. आपल्याकडे पडद्याआड, आणि अमेरिकेत "खाजगी खोलीत करा" असं सांगायचा तुला हक्क आहे, आईला बरोबर घेऊन. परतताना नेवार्कला काचेच्या खोक्यात हात वर करून तीन सेकंद उभं राहावं लागेल. तुझं शरीर कोणाला दिसत नाही. उघडी प्रतिमा दाखवणारी यंत्रं इथे २०१३ मध्येच काढून टाकली. आता पडद्यावर सगळ्यांसाठी एकच बाहुली असते. नऊवारीच्या निऱ्या किंवा अंबाडा असला की तिच्यावर पिवळा चौकोन उमटतो, मग तेवढीच जागा चाचपतात. म्हणून प्रवासात सहावारी नेस, साधी वेणी घाल, आकडे कमीत कमी लाव. मंगळसूत्र काढायला बहुधा कोणी सांगणार नाही, सांगितलंच तर "हाताने तपासा" म्हण.

तुझा बाळकृष्ण चेकइनच्या बॅगेत टाकू नकोस, मला माहीत आहे तुला चैन पडणार नाही. पर्समध्ये सगळ्यात वर, रुमालात ठेव. भरीव पितळ एक्स-रेत काळं दिसतं, उघडायला लावतील. तेव्हा तूच आपल्या हाताने उघडून दाखव.

सुंठपूड, बाळंतशेपा, अळिवाचं पीठ, मेतकूट हे सगळं मोठ्या बॅगेत. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीहून जास्त पूड हातातल्या सामानात असली की अडवतात. काढा, तूप, तेलही मोठ्या बॅगेत, दोनदा पिशवी बांधून. सुकं खोबरं कुठेच नको. त्यात तेल असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. डिंकाचे लाडू करून आण, ते चालतात. आईला सांग, निघायच्या दिवशी कुंड्यांना हात लावायचा नाही.

पासवर चार एस दिसले तर घाबरू नका. तुम्ही काही केलेलं नाही. मी दोघींना आधीच सांगते आहे, बाबांना सांगितलं नव्हतं म्हणून.

मला दवाखान्याने डिसेंबरची अखेर दिली आहे. इथे सगळं मिळतं, पण न्हाऊ घालायला पाय पसरून पाटावर बसेल अशी तूच एक आहेस. मला तू घातलंस, दादाला घातलंस. बाबा रोज विचारतात, अक्काचं काय ठरलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याची दोन तिकिटं दादाने धरून ठेवली आहेत. या गुरुवारपर्यंत त्याला फोन कर.

तुझी भाची