सहलीची तारीख: आधी नकार विचारा

मा. संपादक,

उन्हाळी पुरवण्यांत ठिकाणांची रेलचेल असते. पण गटाची सहल बहुधा बारगळते ती तारखांवरच. 'कधी जमेल?' असा मोघम प्रश्न टाकला की 'बघू', 'कळवतो' अशीच उत्तरे येणार. त्याऐवजी निघण्या-परतण्याच्या तारखांसह तीन-चार पक्के पर्याय द्यावेत आणि प्रत्येकापुढे एकच उत्तर मागावे: जमेल, ओढूनताणून जमेल, अजिबात नाही. 'अजिबात नाही' सर्वांत कमी तो पर्याय पुढे ठेवावा. 'ओढूनताणून'वाले ऐनवेळी गळतात, त्यांना अर्धेच मोजावे. त्याआधी, ज्यांच्यावाचून सहल अडते (गाडी चालवणारे, शाळकरी मुलांचे पालक) त्यांच्या परीक्षा नि रजा विचारून घ्याव्यात.

उत्तराला चार दिवसांची मुदत पुरे. गप्प बसलेल्याचा होकार धरू नये! दहांपैकी आठ जण जमले की पुढे व्हावे. सगळ्यांच्या सोयीची तारीख शोधता शोधता सुट्टी संपते. सुट्टीचे पहिले आणि शेवटचे शनिवार-रविवार टाळावेत, तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढे. मंगळवार ते शुक्रवार बरे. तारीख ठरली त्याच दिवशी आगाऊ रक्कम गोळा करावी, पैसे येईपर्यंत होकार कच्चाच.

– एक वाचक