टीम प्लॅनचे पैसे घेता, मग वेबिनार एकाच माणसाच्या लॉगिनला का बांधता?

प्रति,
कस्टमर सपोर्ट आणि बिलिंग विभाग

विषय: होस्टिंग आणि शेड्यूलिंग टीममध्ये वाटून घेता येत नाही याबद्दल तक्रार

नमस्कार,

तिकीट टाकून झालं, चॅटवर बोलून झालं, दोन्हीकडे तेच छापील उत्तर आलं, म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. कृपया शेवटपर्यंत वाचा आणि परत "कॅशे क्लिअर करून बघा" असं पाठवू नका, कारण आमची अडचण ब्राउजरची नाहीये.

आम्ही ऑनलाइन ट्रेनिंगचे वेबिनार घेतो. कामं वाटून घेतलेली आहेत, एकजण तारखा लावते आणि रजिस्ट्रेशनचा फॉर्म बनवते, दुसरा त्या दिवशी होस्ट म्हणून बसतो, तिसरी चॅट आणि प्रश्नोत्तरं बघते, आणि या ड्युट्या दर आठवड्याला फिरतात म्हणजे एकाच्याच बोकांडी सगळं बसत नाही. हे सगळं ऐकून तुमच्या सेल्सवाल्यांनीच सांगितलं की मग टीम प्लॅन घ्या, सगळे मिळून वापरा. घेतला, वर्षाचे पैसे एकदम भरले, आणि मग कळलं की तुमच्याकडे टीम फक्त बिलावर असते, वेबिनार मात्र ज्याच्या नावावर लागला त्याच्या एकट्याचा.

को-होस्टला, म्हणजे होस्टच्या मदतनीसाला, तुम्ही सगळं करू देता. माइक म्यूट करा, पोल चालवा, कोणी गोंधळ घालत असेल तर बाहेर काढा. फक्त वेबिनार सुरू करता येत नाही! म्हणजे होस्टने आत येऊन दार उघडल्याशिवाय को-होस्ट हा प्रकारच अस्तित्वात नाही. यावर तुमच्या लोकांनी पर्यायी होस्टचा उपाय सांगितला. तो आधीच, तोही मूळ होस्टनेच नेमायचा, आणि त्याच्याकडे स्वतःचं वेबिनार लायसन्स, म्हणजे वेबिनार घ्यायची परवानगी, पाहिजे. आमच्या प्लॅनमध्ये टीममधल्या सगळ्यांची खाती आहेत पण वेबिनार लायसन्स एकच, ही गोष्ट विकताना कोणी बोललं नव्हतं.

मागच्या महिन्यात काय झालं ते सांगते. ज्याच्या नावावर वेबिनार होता तो विमानात, फ्लाइट लेट झालेली, फोन बंद. त्याच्या जागी बसायला आमची सहकारी तयार, स्लाइड उघडलेल्या, पाहुणे वक्तेही लिंकवर आलेले, आणि तिच्या स्क्रीनवर काय तर "होस्टने वेबिनार सुरू करण्याची वाट पाहत आहोत". तीच पाटी बाहेर थांबलेल्या सगळ्या लोकांना. ग्रुपवर मेसेजवर मेसेज, लिंक चुकीची आहे का, कॅन्सल झालं का. मग कोणीतरी म्हणालं की त्याचा पासवर्ड टीमच्या फाइलमध्ये आहे, तो टाकला तर पुढे ओटीपी, आणि ओटीपी गेला त्याच बंद फोनवर. शेवटी साधी मीटिंग उघडून नवी लिंक सगळ्यांना मेल केली. ज्यांनी मेल बघितला ते आले, बाकीचे वाट बघून निघून गेले. वक्त्यांसमोर आमची जी शोभा झाली ती वेगळीच.

वर तुमच्या एजंटने सांगितलं की पासवर्ड शेअर करणं नियमात बसत नाही. बरोबर आहे ना, आम्हाला तरी कुठे हौस आहे! सुरक्षेचे नियम आम्हालाही कळतात. पण कामाचा सरळ रस्ता बंद ठेवायचा आणि लोक कुंपणावरून उडी मारायला लागले की नियम दाखवायचे, हे कसलं सपोर्ट?

शेड्यूलिंगचंही तेच. "दुसऱ्याच्या वतीने शेड्यूल करा" असा ऑप्शन आहे खरा, पण तो निवडला की माझी सेव्ह केलेली टेम्प्लेट, म्हणजे फॉर्मचे तयार नमुने, तिथे दिसत नाहीत, त्यामुळे फॉर्म दरवेळी पहिल्यापासून बनवा. वेळ कोणाच्या टाइम झोनमध्ये पडली हे पण तपासत बसावं लागतं, आमच्यातले दोघं वेगळ्या देशातून काम करतात. कन्फर्मेशनचा मेल होस्टच्या नावाने जातो, लोक रिप्लाय त्यालाच करतात आणि ज्या बाईने सगळं लावलं तिला त्यातलं काही दिसत नाही. वेबिनार झाल्यावर हजेरीचा रिपोर्ट आणि रेकॉर्डिंगही होस्टच्याच खात्यात. तो रजेवर गेला की सर्टिफिकेट अडकली. आणि होस्ट बदलायचाच म्हटलं तर वेबिनार डिलीट करून नवा लावा, म्हणजे लिंक बदलली, आधी रजिस्टर झालेली माणसं गेली. साध्या गुगल कॅलेंडरमध्ये एखाद्याला बदल करायचा अधिकार दिला की तो माझा कार्यक्रम पुढे ढकलू शकतो, कोणाला परत बोलावणं करावं लागत नाही. तुम्ही तर खास याच कामाचे पैसे घेता.

आमच्या मागण्या फार नाहीत. वेबिनार माणसाच्या नावावर न राहता टीमच्या नावावर लागावा, आणि टीममधल्या ज्याला आम्ही परवानगी देऊ त्याला स्वतःच्या लॉगिनने तो सुरू करता यावा, वेगळं लायसन्स न घेता. एका वेळी एकच वेबिनार चालेल ही अट ठेवा, आमची काहीच हरकत नाही, आम्हाला तेवढंच लागतं. होस्ट बदलला तरी लिंक आणि रजिस्ट्रेशन तसंच राहावं. रिपोर्ट आणि रेकॉर्डिंग शेड्यूल करणाऱ्यालाही दिसावं. टेम्प्लेटचं नंतर बघितलं तरी चालेल.

यातलं काय होणार आहे आणि कधी, हे लेखी कळवा. होणार नसेल तर तसंही स्पष्ट सांगा आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा, कारण टीम म्हणून वापरता येईल असं सांगून हा प्लॅन विकलाय आणि सेल्सचा तो मेल आमच्याकडे आहे. मेल, स्क्रीनशॉट आणि जुन्या तिकिटांची उत्तरं सोबत जोडली आहेत. ऑटो रिन्यूअल आम्ही आजच बंद केलंय.

उत्तर टीमच्या कॉमन मेलवर पाठवा, फक्त खातं ज्याच्या नावावर आहे त्याला नको, तो पुढचा आठवडाभर रजेवर आहे.

आपली,
टीम कोऑर्डिनेटर