डांगरालाही चाळ द्या : कृषिमंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सीना नदीच्या काठावर, सोलापूर जिल्ह्यात राहते. आमचं दीड एकर रान डांगराचं. पुण्या-मुंबईकडे लाल भोपळा म्हणतात, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ. आमच्या घरात सासऱ्यांच्या वडिलांपासून हे पीक आहे. घरातली सहा माणसं आणि गरजेपुरता मजूर, एवढ्यावर आम्ही वर्षाला दोन हंगाम घेतो. कर्जमाफी किंवा मदत मागायला हे पत्र नाही. मागणं एकच आहे, डांगर साठवायला कांदाचाळीसारखी हवेशीर चाळ, पण ते नीट कळायला आमचं वर्ष कसं जातं ते आधी सांगावं लागेल.

संक्रांत झाली की उन्हाळी डांगराची आळी करतो. बी घरचंच. सासूबाई दर हंगामात मनासारखी चार-पाच फळं बाजूला काढतात, बी धुऊन राखेत घोळून सावलीत वाळवतात. उगवण झाली की पहिले पंधरा दिवस लाल भुंगेऱ्यांशी झगडा. कोवळ्या पानांची चाळण करून टाकतात. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा हातानेच वेचायचे. वेल पसरला की फुलं लागतात, आणि आम्हा बायकांचं खरं काम तिथून सुरू होतं.

डांगराला नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे गोटीएवढं फळ आधीच असतं, त्यावरून ओळखायचं. फूल उजाडायच्या आत उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. तेवढ्या वेळात मधमाशी आली तर फळ धरतं, नाहीतर ती गोटी पिवळी पडून गळते. पूर्वी मधमाश्या भरपूर होत्या. आता आजूबाजूच्या फवारण्यांनी कमी झाल्यात. म्हणून मी आणि जाऊबाई पाच वाजता रानात असतो. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलात हलका फिरवायचा. नऊच्या आत होतील तेवढी फुलं करायची. पुढे फळमाशीला वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे, पानांवर भुरी म्हणजे पांढरी बुरशी आली तर फवारणी, आणि दर चौथ्या दिवशी ठिबकच्या नळ्या तपासणं. ही कामं सगळेच शेतकरी करतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

मेच्या मध्यावर तोडणी. सासरे आधी नख लावून बघतात. साल खरवडली नाही, तिची चमक गेली असली आणि देठ बुचासारखा वाळला असला की फळ तयार. तोडताना देठ बोटभर ठेवायचाच, आणि फळ उचलायचं ते दोन्ही हातांनी खालून. देठाला धरून उचललं आणि देठ निसटला तर त्या खड्ड्यातून सड शिरते, फळ महिनाभरही टिकत नाही. देठासकट, न आपटलेलं, पक्कं डांगर मात्र कोरड्या हवेशीर जागी चार-चार महिने राहतं. त्याला शीतगृह लागत नाही, वीज लागत नाही. आजेसासूबाई माळ्यावर ठेवलेलं डांगर दिवाळीत घारग्यांना काढायच्या, असं सासरे सांगतात.

आणि हेच डांगर आम्ही मेमध्ये मातीमोल विकतो, कारण ठेवायला जागा नाही. मे महिन्यात बाजारात आंबा, कलिंगड, खरबूज. डांगराकडे कोण बघतो? त्याला मागणी येते श्रावणात, गणपतीत ऋषीपंचमीच्या भाजीला, पितृपक्षात आणि नवरात्राच्या उपवासात. म्हणजे माल आमच्याकडे मेमध्ये आणि गिऱ्हाईक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

2025 च्या मे महिन्यातली एक पट्टी, म्हणजे अडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब, माझ्यासमोर आहे. 2,100 किलो माल, भाव 4 रुपये, एकूण 8,400 रुपये. त्यातून गाडीभाडं 3,500, हमाली-तोलाई 640 आणि 'इतर' म्हणून 504. हातात 3,756 रुपये. हे 'इतर' म्हणजे बरोबर शेकडा सहा. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारनेच फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. मग हे सहा टक्के कसले, असं माझ्या मालकांनी विचारलं तर "पुढच्या वेळी माल दुसरीकडे न्या" असं उत्तर मिळालं. हा विषय आपल्या खात्याचा नाही, पणनचा आहे, ते मला माहीत आहे. तरीही तो आपल्या कानावर असावा.

त्याच आठवड्यात आम्ही 120 फळं विकली नाहीत. गोठ्याच्या वर बांबूच्या कामट्यांचा माचा बांधला, त्यावर एकेक फळ सुटं, एकमेकांना न टेकता मांडलं. पावसाळ्यात दर रविवारी मुलगी वर चढून हात लावून बघायची. ओलसर, मऊ लागलं की खाली. साडेतीन महिन्यांत 11 फळं गेली. उरलेल्या 109 फळांचं वजन साधारण 425 किलो भरलं. पितृपक्षात आठवडी बाजारात आम्ही स्वतः बसून 14 रुपयांनी विकली, 5,950 रुपये आले. त्यातला काही फरक हातविक्रीचा आहे, हे मी लपवत नाही. पण मेमध्ये त्याच बाजारात बसले असते तर 14 रुपये कोणी दिले नसते.

आणि लगेच त्याच सप्टेंबरात सीनेला महापूर आला. खरिपाचं डांगर नवरात्राच्या तोडणीला आलं होतं. डांगर आतून पोकळ, पाण्यावर तरंगतं. वेलापासून सुटलेली फळं पाण्यावरून एकामागे एक जाताना आम्ही टेकावरून पाहिली. सासरे तिथेच खाली बसले. विम्याचा प्रश्नच नव्हता, कारण खरिपाच्या पीकविम्यातल्या अधिसूचित पिकांत डांगर नाही. पुढचे काही आठवडे घर चाललं ते माच्यावरच्या त्या 109 फळांच्या पैशांवर.

म्हणून मंत्रीमहोदय, मागणं असं आहे. कांदाचाळीला शासन अनुदान देतं आणि त्याने कांदा उत्पादकाला थांबण्याची ताकद आली. तशीच लहान चाळ डांगरासाठी द्या. कांदाचाळीत आम्हाला बसता येत नाही, कारण तिथे सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागते. शिवाय कांद्यासारखा डांगराचा ढीग चालत नाही, खालची फळं दबून सडतात. आम्हाला हवेत जमिनीपासून वर उचललेले, बांबूचे किंवा लोखंडी पट्ट्यांचे तीन-चार कप्पे, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी. पॅक हाउसची, म्हणजे माल निवडून बांधायच्या शेडची, योजना आहे, असं कृषी कार्यालयात सांगितलं. पण ते पक्कं बांधकाम आहे. आधी सगळा खर्च आपण करायचा आणि अनुदान मागून. दीड एकरवाल्याला ते झेपत नाही, आणि डांगराला त्याची गरजही नाही. आम्हाला पाच टनांचा साधा सांगाडा पुरे.

त्याचा नमुना आराखडा आणि किती महिन्यांत किती घट येते याची मोजणी आपल्या कृषी विद्यापीठाने एका हंगामात करून द्यावी. जागा हवी असेल तर आमची आहे. यंदा गोठ्यावर दुसरा माचा बांधतोय, या वेळी 300 फळं ठेवणार आहोत. कधी, किती आणि का खराब झाली, हे मुलगी वहीत लिहून ठेवणार आहे. आपले अधिकारी श्रावणात आले तर वही दाखवू, आणि माचाही. वर चढायला शिडी आहे.

आपली नम्र,
एक डांगर उत्पादक शेतकरी
सीनाकाठ, जि. सोलापूर