पान चारवरचं ते वाक्य

प्रिय चिऊ,

तुझी ख्रिस्ती नीतिशास्त्रावरची असाईनमेंट काल रात्री वाचली, मोबाईलवर पीडीएफ बोटांनी मोठी करकरून, डोळे दुखले पण सोडली नाही. आधी चांगलं सांगतो म्हणजे तू लगेच तोंड फुगवणार नाहीस. भाषा मस्त आहे, कुठे उगाच जड केलेली नाही, आणि बायबलमधल्या लूकच्या 10व्या अध्यायातल्या, वाटेत पडलेल्या जखमीला दोघं टाळून गेल्यावर मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाबद्दल जे लिहिलंयस ना, की शास्त्री विचारतो 'माझा शेजारी कोण' आणि येशू शेवटी त्यालाच उलट विचारतो की या तिघांपैकी शेजारी कोण झाला, ते मी इतकी वर्षं वाचूनही असं पाहिलं नव्हतं.

पान दोनवर एक वाक्य आहे की ख्रिस्ती नीतिशास्त्र काळाप्रमाणे बदलत नाही. तिथे जरा थांब. 325 साली चर्चच्या निकियाच्या परिषदेने पाळकांना व्याज घ्यायला बंदी केली, पुढे कित्येक शतकं व्याज म्हणजे पापच, आणि मग सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन म्हणतो की गरिबाला पिळत नसशील तर काही अटींवर चालेल. आज चर्चचे स्वतःचे पैसे बँकेत व्याजावर असतात आणि कोणाला काही वाटत नाही. फाशीबद्दल तर अगदी अलीकडे, 2018 मध्ये, कॅथलिक धर्मशिक्षणातलं कलमच बदललं. म्हणजे मूळ गोष्ट बदलली की आपली ती समजायची पद्धत, यावर वाद घाल हवा तेवढा, पण 'बदलत नाही' असं एका ओळीत मिटवू नकोस.

आता पान चार. 'उपचार न देणे आणि जीव घेणे यांत नैतिकदृष्ट्या काहीही फरक नाही, शेवट एकच म्हणून पापही एकच.' हे वाचलं आणि मी फोन उलटा ठेवून दिला, पाणी प्यायलो, परत उचलला, परत तेच वाक्य.

तुला माहीत नाही कारण आम्ही कधी सांगितलंच नाही. आजी गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, तुला सांगितलं आजी झोपेत गेली. ते खोटं नव्हतं पण पूर्ण खरंही नव्हतं. फुप्फुसांचा कॅन्सर सगळीकडे पसरला होता, शेवटी न्यूमोनिया झाला, आणि रात्री अकराच्या सुमारास डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की व्हेंटिलेटरवर घ्यायचं का ते ठरवा, घेतलं तर काही दिवस मिळतील पण नळी परत निघेल असं मला वाटत नाही. मी विचारलं तुमची आई असती तर. ते काही बोलले नाहीत, पेनाचं टोपण उघडबंद करत राहिले. मी 'नको' म्हणालो. सही केली. सही नीट आली नाही, दुसऱ्यांदा करायला लावली.

आजी शुद्धीत होती तेव्हा. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप असते ना, ती सारखी अंगठ्याने काढायची आणि माझ्या हातात द्यायची, कपडे वाळत घालताना चिमटा द्यायची ना अगदी तशी, आणि मशीन ओरडायला लागायचं. मी परत लावायचो, ती परत काढायची. मग मॉर्फिन सुरू केलं, श्वासाची धडपड कमी झाली, पहाटे साडेपाचला गेली.

आता तुझा मुद्दा. तू तो बाथटबचा दाखला दिलायस, अमेरिकन तत्त्वज्ञ जेम्स रेचल्सचा, 1975 मधल्या लेखातला, की वारशासाठी एकजण सहा वर्षांच्या चुलतभावाला पाण्यात बुडवतो आणि दुसरा त्याच हेतूने जातो, पण मुलगा स्वतःच घसरून बुडतो आणि हा नुसता उभा राहून बघतो. दोघं सारखेच नीच, मान्य. पण चिऊ, ते सारखे का वाटतात तर दोघांनाही मुलगा मेलेला हवाय म्हणून! हेतू मुद्दाम सारखा ठेवलाय त्या गोष्टीत. आणि ख्रिस्ती परंपरेत तर सगळं अडतं ते हेतूवरच. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस स्वसंरक्षणाबद्दल लिहिताना तेच म्हणतो ना, की एका कृतीचे परिणाम दोन असू शकतात, एक मनात धरलेला आणि दुसरा मनात नसताना होणारा, आणि कृती कसली ते मनात धरलेल्यावरून ठरतं. शिवाय रेचल्सला म्हणायचं होतं की फरक नाही तर मग कधीकधी यातनांतून सोडवायला इंजेक्शन देणंच जास्त दयेचं. तू त्याचीच शिडी घेऊन उलट्या बाजूला उतरलीस की दोन्ही खून. तुझे सर हे पकडणारच बघ.

आणि दहा आज्ञांतली ती आज्ञा लिहिताना तू 'जीव घेऊ नको' लिहिलंस. आपल्या बायबलात 'खून करू नको' आहे. मूळ हिब्रू शब्दही कुठल्याही मारण्याला सरसकट वापरत नाहीत. (ती पाचवी की सहावी हे कॅथलिक आणि बाकीचे बरेचसे वेगळं मोजतात, तेही एकदा बघून घे, मार्क उगाच जातील.)

1957 साली पोप पायस बारावे भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलताना म्हणाले होते की जीव वाचवायला साधे उपाय करणं बंधनकारक आहे, पण असाधारण, म्हणजे माणसावर भलताच बोजा टाकणारे उपाय करायलाच हवेत असं नाही. त्याच वर्षी त्यांनी वेदनाशामकांबद्दलही सांगितलं की दुःख कमी करायला औषध दिलं आणि त्याने आयुष्य थोडं कमी झालं तरी, हेतू वेदना कमी करणं हाच असेल आणि दुसरा उपाय नसेल तर, ते चालतं. आपण काही पोपची माणसं नाही, पण हे मला कुठल्यातरी जुन्या पुस्तकात सापडलं तेव्हा मी त्या पानावर बराच वेळ हात ठेवून बसलो होतो. कारण दफनानंतर चर्चमधले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले होते, देवाच्या हातातलं तुम्ही आपल्या हातात घेतलंत. त्यांना उत्तर द्यायला मला चार वर्षं लागली आणि तोवर ते दुसरीकडे राहायला गेले होते.

सिसिली सॉन्डर्सबद्दल एक ओळसुद्धा नाही तुझ्या लिखाणात, हे मात्र मला खटकलं. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेली बाई, ख्रिस्ती श्रद्धेची, इच्छामरणाच्या ठाम विरोधात, आणि 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रोग्यांची काळजी घेणारं रुग्णालय, काढलं तिने. दुखणं परत उसळायची वाट न बघता ठरलेल्या वेळेला मॉर्फिन द्यायचं. वेदना म्हणजे नुसती अंगाची नाही, मनाची, घरच्यांची, श्रद्धेची पण, सगळी मिळून एकच, असं ती म्हणायची. तुझ्या पेपरमध्ये 'मारणे' आणि 'शेवटपर्यंत झुंजणे' एवढ्या दोनच खोल्या आहेत. तिने तिसरी खोली बांधली, खरीखुरी, खाटांसकट.

पण थांब, मी स्वतःला सोडवतोय असं समजू नकोस. हेतूचं गणित मी इतकं छान मांडलं तुला, पण पहाटे तीनला, ती घुसमटत असताना, मला वाटलं होतं की आता सुटावी. स्पष्ट वाटलं होतं. आता हे वाटणं म्हणजे हेतू का? मॉर्फिन वाढवा म्हणालो ते धाप कमी व्हावी म्हणून की संपावं म्हणून? मला वाटतं धाप कमी व्हावी म्हणून. नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के कुठल्या पुस्तकात बसतात ते तू शिकलीस की मला सांग.

अजून एक. त्या संध्याकाळी तिने विचारलं, घरी कधी जायचं. मी म्हणालो परवा. चक्क खोटं. तुझ्या खोटं बोलण्यावरच्या भागात जुना धर्मपंडित ऑगस्टीन आहे, तो म्हणतो कुठलंच खोटं चालत नाही, आणि तो फर्मस नावाच्या बिशपची गोष्ट सांगतो ज्याने एका माणसाला लपवलं होतं, बादशहाची माणसं आली तेव्हा हा म्हणाला मी खोटंही बोलणार नाही आणि त्याला पकडूनही देणार नाही, आणि छळ सोसला. थोर माणूस. पण हिटलरविरोधी जर्मन पाळक बॉनहॉफरने तुरुंगात असताना लिहिलेला तो मुलगा पण वाच, ज्याला मास्तर भर वर्गात विचारतात तुझा बाप दारू पिऊन येतो का रे, आणि मुलगा नाही म्हणतो. बाप तर पिऊन येत असतो. बॉनहॉफर म्हणतो दोष विचारणाऱ्या मास्तरांचा जास्त, तो प्रश्न वर्गात विचारायचा हक्कच त्यांना नव्हता. मला हे पटतं, पण माझ्या बाबतीत लागू होत नाही, कारण आजीला तर विचारायचा पूर्ण हक्क होता. आणि माझ्या मते तिला माहीत होतं. 'परवा' म्हटल्यावर तिने माझा हात थोपटला, म्हणजे उलट मलाच धीर दिला.

तुझा पुढचा पेपर एआयवर आहे म्हणालीस, कोणावर किती उपचार करायचे ते मशीनने ठरवावं का वगैरे. त्यातलं मला फारसं कळत नाही. फक्त एवढं बघ की तुझ्या लिखाणात कुठेतरी खाटेवरचा माणूस असू दे, या पेपरमध्ये तो सापडला नाही मला.

मत बदल असं मी म्हणत नाहीये. आत्याचं मत त्या रात्री तुझ्यासारखंच होतं, ती म्हणाली होती नळी घाला, आपण कोण ठरवणार. आम्ही कॉरिडॉरमध्ये भांडलो, दबक्या आवाजात, नर्सने येऊन गप्प केलं. ती माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करणारी बाई आहे आणि अजूनही तिला वाटतं मी घाई केली. आम्ही त्यावर बोलत नाही, बाकी सगळ्यावर बोलतो. पेपर जमा करायला अजून आठवडा आहे ना तुझ्याकडे, तर तिला फोन कर रविवारी दुपारी, आणि मी सांगितलं म्हणून नको सांगूस, तूच विचार. क्लिपचं ती वेगळं सांगेल. ती म्हणते आजी क्लिप काढून देत नव्हती, मला हात धरायला सांगत होती.

तुझा,
बाबा